चाळिशीची वेस

एका राज्यात राजधानीला एकच वेस होती आणि तिच्या कमानीवर एक बोलता भारद्वाज बसे. ज्याचे चाळिसावे वर्ष पुरे होई, त्याला त्याच दिवशी वेशीखाली उभे राहावे लागे. भारद्वाज विचारी, "धन किती? पद कोणते? पाठीमागे कोण?" मग माणूस वेस ओलांडी, नाहीतर जागच्या जागी शिळा होई. राज्यात निकामी माणूस उरू नये म्हणून राजाच्या पणजोबांनी हा पक्षी एका मांत्रिकाकडून आणला होता. वेशीच्या दुतर्फा शिळा उभ्या होत्या. त्यांच्या खांद्यांवर बायका धुणी वाळत घालीत. चाळिशी जवळ आली की लोक घाईघाईने लग्ने उरकीत, शेजाऱ्याची मुले दिवसापुरती मागून आणीत.

त्या नगरीत जयकेतू आणि शर्वाणी ही जुळी भावंडे होती. जयकेतू राज्याचा कोषाध्यक्ष. नदीकाठी महाल, सुशील पत्नी, तीन पुत्र. शर्वाणी हत्तीखान्यात राही, हत्तींच्या पायांना लेप लावी. तिला ना घर, ना संसार. आई सुमेधा उठता बसता म्हणे, "एकाच पोटची दोन. एकाने नाव काढले, एकीने घालवले."

दोघांचा दिवस उजाडला. शर्वाणी शिळा होताना पाहायला सारे नगर लोटले. आईने डोळ्यांना आधीच पदर लावला होता. पण जयकेतू थोरला, घटकाभर आधी जन्मलेला. म्हणून तो आधी उभा राहिला.

"धन किती?"

"सात कोठारे."

"पद कोणते?"

"कोषाध्यक्ष."

"पाठीमागे कोण?"

"तीन पुत्र."

भारद्वाज खाली झुकला आणि त्याच्या कानाशी आणखी काही पुटपुटला. जयकेतूने होकारार्थी मान हलवली. त्याची पावले करडी पडली, मग गुडघे, मग छाती. चौघडा वाजता वाजता थांबला. राजा चंद्रमुकुट आसनावरून उठून उभा राहिला.

"हे कसे? याच्यापाशी तर सारे होते!"

शर्वाणीने धावत जाऊन शिळेला मिठी मारली. तिचा कान दगडी छातीला लागला, तो आतून भावाचा आवाज आला.

"रडू नकोस, शर्वाणी. इथे फार बरे आहे. इथे कुणी काही विचारत नाही."

ती चटका बसावा तशी मागे सरली.

"पक्षिराज, त्याला चौथे काय विचारलेस?"

"जे सर्वांना विचारतो आणि वेस ओलांडताच सारे विसरून जातात. दमलास का? दगड होतोस का? मी आजवर कुणाला बळेच शिळा केले नाही. जे हो म्हणाले, तेच झाले."

लोकांच्या तोंडचे पाणी पळाले. त्या शिळांत कुणाचा बाप होता, कुणाची मावशी. पिढ्यान्‌पिढ्या त्यांना सारे नालायक म्हणत आले होते. एका बाईने शिळेवरचे धुणे भराभर ओढून घेतले.

"तो परत कसा येईल?" शर्वाणीने विचारले.

"सूर्य मावळण्याआधी तिघांनी त्याला एकेक प्रश्न विचारावा. धनाचा नको, पदाचा नको, वंशाचा नको. उत्तर द्यावेसे वाटले तर येईल."

शर्वाणीने राजाला हात जोडले. राजा पुढे आला. "जयकेतू, कोषातले..." म्हणाला आणि अडखळला. आजवर तो त्याच्याशी दुसरे काही बोललाच नव्हता. सूर्य कलला, तेव्हा त्याला आठवले.

"एकदा पहाटे तू दरबाराबाहेर एकटाच हसत उभा होतास. कशाला हसत होतास?"

शिळेच्या पावलांना रंग चढला.

मग पत्नी मधुरा आली. "झोपेत तुम्ही कुणाला तरी 'थांबा, थांबा' म्हणता," ती म्हणाली. "मी कधी विचारलेच नाही. कुणाला म्हणता?"

छातीपर्यंतचा दगड वितळला. आता आई उरली. ती जागची हलेना.

"आई, ये ना," शर्वाणी म्हणाली.

"काय विचारू गं? जन्मभर मी त्याला तेच तीन विचारले."

ऊन कमानीवरून उतरू लागले. सुमेधेने हात शिळेच्या गालावर ठेवला.

"जेवलास का रे, बाळा?"

दगडी ओठ हलले. "नाही, आई. भूक लागली आहे." आणि जयकेतू तिच्या पायांशी मटकन खाली बसला.

भारद्वाज शर्वाणीकडे वळला. "आता तू."

"धन नाही, पद नाही, पाठीमागे कुणी नाही."

"दमलीस का?"

"दमले."

"दगड होतेस का?"

"नाही. हत्तींचे पाय धुवायचे राहिलेत."

दमूनही दगड न होण्याचे असे उत्तर भारद्वाजाने कधी ऐकले नव्हते. त्याच्या गळ्यातले मांत्रिकाचे कडे तडकून खाली पडले. त्याने तोंड उघडले, तर नुसता कूप कूप आवाज निघाला. तो कमानीवरून उडाला आणि बांबूच्या बेटात शिरला.

कड्याबरोबर मांत्रिकाच्या अटीही तुटल्या होत्या. मग लोक आपापल्या शिळांपाशी गेले आणि चाचरत काहीबाही विचारू लागले. ज्यांचे कुणीच उरले नव्हते, त्यांना परक्यांनी विचारले. राजाही मुकुट काढून एका अनोळखी बाईच्या शिळेपुढे बसला. उजाडेपर्यंत वेशीपाशी एकही शिळा उरली नाही.

त्या नगरीची वेस मोकळी झाली, तशी ऐकणाऱ्या सर्वांची होवो.