कौतिकाच्या हंसानं नेलेला तराजू

तळं आजच्या दुप्पट होतं आणि म्हातारे आजच्याइतकेच हट्टी होते, त्या काळची ही गोष्ट. तळ्याच्या एका अंगाला वरटोला, दुसऱ्या अंगाला खालटोला, अशा दोन वाड्या. दोन्हीकडे धानाची शेती. तळ्याला दोन लाकडी दारं, एकेका टोल्याचं एकेक. ज्याचं दार आधी उघडेल त्याची धानाची बांधी पाण्यानं भरायची, मागच्याच्या वाट्याला चिखल.

आधी कुणाचं उघडायचं ते हंसांवरून ठरे. दोन्ही टोल्यांत हंस पाळलेले. पोळा झाला की दोघांनी आपापला एक हंस तराजूत बसवायचा. ज्याचा जड, त्याचं पाणी आधी. हा नियम म्हाताऱ्यांनीच केलेला. कुणाचं धान वाळतंय ते बघायला शेतापर्यंत चालावं लागतं. हंस तोलायला पारावरून चार पावलं उतरलं की झालं.

मग काय, हंसांना कोंबायचं. शिजल्या भाताचे लिंबाएवढे गोळे वळायचे, हंस गुडघ्यांत दाबायचा, चोच उघडायची आणि बोटानं गोळा घशात लोटायचा. दिवसातून पाचदा. याला ते आग्रह म्हणत. “एक माझ्याकडून. एक माझ्या बापाकडून.” हंसांचे पाय वाकत, पिसं मळकी होत, चार पावलांत धाप लागे. म्हातारे म्हणत, बघा कसं बाळसं धरलंय.

खालटोल्यात या कामाचा मुखिया होता डोमाजी. आणि गोळे वळायला होती त्याची सून, कौतिका. सलग सहा वर्षं खालटोला हरला होता. सातव्या वर्षी डोमाजीनं गोळे वाढवले, आणि तोलायच्या महिनाभर आधी दोन्ही तयार हंस घशात भात अडकून मेले.

“मामाजी, आता गोळे बंद,” कौतिका म्हणाली. “हे गवत खाणारं पाखरू आहे.”

“गवतानं कोणी जाडं झालंय काय, पोरी?”

“म्हशीला विचारा.”

उरला होता एकच नर, गंप्या. त्यानं डोमाजीचं बोट चोचीत असं धरलं होतं की म्हाताऱ्यानं त्याचा नाद सोडला होता. कौतिकानं त्याला रोज पहाटे तळ्याच्या पाळीवर, काठच्या मातीच्या बांधावर, सोडला. तो कोवळी हरळी ओरबाडायचा, बारीक खडे टिपायचा, पाण्यात डुंबायचा. संध्याकाळी ती भिजवलेलं मूठभर धान तळहातावर धरून बसायची. आला तर आला. नाही आला तर धान झाकून ठेवायची. असं म्हणतात, त्या महिन्यात गंप्याची छाती मृदंगासारखी झाली आणि त्यानं पंख झाडले की पलीकडच्या काठावरची वाळत टाकलेली लुगडी हलायची.

तोलायचा दिवस आला. मोहाच्या फांदीला तराजू टांगला, एका पारड्यात धान, एकात हंस. वरटोल्यानं आपला हंस खाटेवर घालून चौघांच्या खांद्यावर आणला. तो आठ पायल्या भरला. मग गंप्या चालत आला आणि आपण होऊन पारड्यात चढला. पाच पायल्या.

“काय हो डोमाजी,” वरटोल्याचा पाटील म्हणाला, “पिसंच तोलायला आणली काय?”

कौतिकानं वळून शेताकडे बघितलं. तिच्या बांधीत धान पोटरीला आलं होतं आणि खाली भेगा पडल्या होत्या. आता सगळे तिलाच म्हणणार, गवत चारून गाव बुडवलं हिनं.

डोमाजीला काय सुचावं? धोतराच्या सोग्यातून त्यानं भाताचा गोळा काढला. “थांबा, अजून तोलू नका,” म्हणत तो पारड्याकडे धावला. एका गोळ्यानं तीन पायल्या भरून निघतील, असा त्याचा हिशेब.

गंप्यानं गोळा बघितला. बोट बघितलं. आणि पंख उघडले.

असं म्हणतात, फांदीची दोरी तटकन तुटली आणि हंस तराजूसकट उडाला. एका पारड्यात तो, दुसऱ्यातून धान सांडतंय, मधे दांडी गरगर फिरतेय. खालटोल्याच्या बांध्यांवर धानाचा पाऊस पडला. तिथं धान आजही न पेरता उगवतं, असं म्हणतात. मग गंप्या तळ्यावर वळला आणि पाण्यात उतरता उतरता तराजूची लोखंडी दांडी खालटोल्याच्या दारावर अशी आपटली की दार फुटलं. पाणी धो धो शेतात.

वरटोल्याचे म्हातारे ओरडले, नियम मोडला. कौतिका म्हणाली, “नियम तळ्यात गेलाय, काढा कुणाला पोहता येत असेल तर.” कुणालाच येत नव्हतं. मग तिनंच जाऊन वरटोल्याचंही दार उघडलं, आणि त्यांचा खाटेवरचा हंस काखेत मारून पाळीवर गवतात नेऊन ठेवला.

दुसऱ्या दिवशी डोमाजी तळहातावर हरळी घेऊन पाळीवर जाऊन बसला. गंप्या आला नाही. सातव्या दिवशी आला.

खालटोल्याच्या पंगतीत आजही आग्रह करत नाहीत. वाढणारा समोर थांबतो, ताट पुढे आलं तर वाढतो. कुणी पाहुणा म्हातारा “एक माझ्याकडून” म्हणालाच, तर अख्खी पंगत माना लांब करून हंसासारखी ओरडते. आणि पोळा झाला की दोन्ही टोल्यांतला सगळ्यात वयस्क माणूस कौतिकाच्या नावानं पाळीवर गवत धरून बसतो. हाक मारायची नाही, हात पुढे सरकवायचा नाही. एखादा हंस आपल्या मर्जीनं येऊन त्या हातावरचं खातो, तेव्हा दोन्ही दारं एकदम उघडतात.

मागच्या साली साडेचार तास लागले. म्हातारा हूं की चूं बोलला नाही.