गेनूचा मेहुणा आणि चारशे रोपं

दूरच्या शहरात शेतीचं शिक्षण घेऊन ऋजुता गावी परतली. तिला वाटलं होतं, इथे आपलं कोणी ऐकणार नाही. पण त्या गावात एक भोळा गेनू होता. तो सगळं ऐकायचा. एकही शब्द खाली पडू द्यायचा नाही.

ऋजुताने गेनूच्या अंगणात मिरचीची चारशे रोपं करायला घेतली. ती गावातल्या बायकांना लावायला द्यायची होती. रोपं फसली असती, तर तिचं शिक्षण कोणी विचारात घेतलं नसतं.

"गेनूभाऊ, रोपं भराभर वाढतील अशा जागी ठेवा," ती म्हणाली.

गेनूने विचार केला. नवरात्रात घटातलं धान अंधाऱ्या देवघरात नऊ दिवसांत वीतभर होतं. त्याने रोपांचे सगळे ट्रे देवघरात नेले. रोपं लांबली, पिवळी पडली आणि आडवी झाली.

"अहो, अंधारात रोप उजेड शोधत नुसतं लांबतं. बळ येतं ते उन्हाने."

"चुकलं, ताई. आता ध्यानात ठेवतो."

पुन्हा बी पेरलं. ट्रे उन्हात गेले. बायकोचं लोणीही उन्हात गेलं. फार मऊ होतं, बळ यायला हवं होतं. तासाभरात ते अंगणभर झालं.

"गेनूभाऊ, ज्याला ऊन सोसत नाही, ते आत ठेवायचं."

"चुकलं, ताई. आता ध्यानात ठेवतो."

गेनूचा मेहुणा संपत पोलीस भरतीच्या तयारीसाठी त्याच्याकडे राहत होता. उंची अर्धा इंच कमी पडत होती. एका दुपारी तो पळण्याचा सराव करून आला आणि घेरी येऊन ओट्यावर बसला. गेनू त्याच्याकडे बघत राहिला. याला ऊन सोसत नाही. शिवाय याला लांबायचंय.

दहा दिवसांनी बायका रोपं बघायला आल्या. रोपं हिरवीगार, पण ठेंगणी.

"एवढीशीच?" कौसल्याकाकू म्हणाल्या. "आमच्या घटातलं धान बरं की गं. उन्हात ठेवून खुरटवलीस."

अंधारातलं नुसतं लांबतं आणि पिवळं पडतं, हे ऋजुताने परोपरीने सांगितलं. बायका पदर सावरत निघाल्या.

तेवढ्यात गेनूने धान्याच्या अंधाऱ्या खोलीचं दार उघडलं. आतून संपत आला. पिवळाफटक, डोळे मिचकावत, भिंतीला धरून. गेनूने टेप लावली.

"ताई, अर्धा इंच अजून कमीच आहे. पण पिवळा पडलाय, आणि आडवा व्हायला आलाय. म्हणजे लागू पडतंय. अजून चार दिवस ठेवू?"

बायकांनी संपतकडे पाहिलं. मग रोपांकडे पाहिलं.

"पन्नास मला दे," कौसल्याकाकू म्हणाल्या.

दुसऱ्या दिवशी शेजारच्या गावात ऋजुताचं भाषण होतं. सकाळी उठल्याउठल्या तिने ठरवलं: भाषणासाठी केलेले तक्ते घरीच ठेवायचे. रंग परत यायच्या आत संपतलाच न्यायचं.