सिफूंचा हात आणि घोसाळकरबाईंच्या गोळ्या

“पाणी किती गरम?” हे विचारायचं नाही, असं शाल्मलीला पहिल्याच दिवशी बजावलं होतं. सिफूंनी हात घालून मान हलवली की पाणी योग्य. बस्स.

सिफू म्हणजे गुरू. माझगावातल्या त्या चिनी दवाखान्यात ऐंशी वर्षांच्या लिऊ सिफूंना दुसऱ्या नावानं कुणी हाक मारत नसे. त्यांचा थोरला शिष्य होकाका. चाळीस वर्षं तो सिफूंच्या मानेकडे बघून काढे उतरवत आला होता. शाल्मली सूक्ष्मजीवशास्त्राची पदवी घेऊन आलेली. दोन वर्षं झाली, तरी अजून “ए पोरी”च.

त्या दिवशी घोसाळकरबाई आल्या. कॅन्सरच्या गोळ्या चालू होत्या. त्या गोळ्यांनी तळहात सोलवटतात, म्हणून सिफूंनी महिनाभर आधीपासूनच साली-फुलांच्या काढ्यात हात शेकायला लावले होते.

बाईंनी मुठी उघडल्या. तळवे लाल, चकचकीत. बोटांवर फोड.

“डॉक्टर म्हणतात, हे गोळ्यांमुळे. सोमवारी बघतील, आणि गोळ्या बंद करतील. बंद केल्या तर मग…”



“काढा कमी पडतोय,” होकाका म्हणाला. “आज जास्त वेळ बुडवू.”

शाल्मली पडदा सारून आत गेली. दोघे म्हातारे तिच्यामागून आले.

“फोड गोळ्यांचे नाहीत,” ती हलक्या आवाजात म्हणाली. “भाजल्याचे आहेत. झोंबतं म्हणजे औषध लागतंय, असं समजून बाई सोसतात. या गोळ्या घेणाऱ्याला गरम पाणी चालत नाही. इस्पितळाच्या कागदावर छापलंय.”

“कागदाला पाणी कळतं का गं?” होकाका हसला.

“पोरी,” सिफू म्हणाले, “साठ वर्षं मी याच हातानं पाणी पाहतोय.”

“तेच म्हणतेय मी, सिफू.”

तिनं दोन तसराळी त्यांच्यापुढे ठेवली. एकात शेगडीवरचा काढा ओतला. दुसऱ्यात माठातलं पाणी.

“डोळे मिटा. बाईंसाठी कोणतं, ते सांगा.”

“सिफूंची परीक्षा घेतेस?” होकाका पुढे सरसावला.

सिफूंनी त्याला खुणेनं थांबवलं. गालात हसले. डोळे मिटले.

उजवा हात काढ्यात गेला. तिथेच राहिला. मग माठाच्या पाण्यात गेला. तिथेही राहिला.

“दोन्ही योग्य आहेत,” सिफू म्हणाले.

पहिल्या तसराळ्यातून वाफ निघत होती…

सिफूंनी डोळे उघडले. वाफ पाहिली. मग मनगटापर्यंत लाल झालेला आपला हात पाहिला, दुसऱ्या कुणाचा असावा तसा.

“होकाका,” शाल्मलीनं विचारलं, “तुम्हाला कधीपासून ठाऊक आहे?”

होकाका शेगडीकडे बघत राहिला.

“कधीपासून?”

“तीन वर्षं… त्यांचा हात भाजला होता. त्यांना कळलंच नाही.”

“मग गेल्या वर्षीचे ते पोस्टमन? त्यांचेही तळवे असेच झाले. त्यांच्या गोळ्या थांबल्या होत्या.”

“त्यांचा आजारच तसा होता.”

“आजार तसा होता, की पाणी?”

बाहेरून घोसाळकरबाई विचारत होत्या, “येऊ का आत?”

होकाकानं आवाज एकदम मऊ केला. “हे बघ बाळ. तुझं खरं. काढा पार गार कर, मी अडवत नाही. फक्त सिफू आधी हात घालतील, मान हलवतील. मग बाईंचे हात बुडव. रीत राहील, बाईही बऱ्या होतील. कुणाचं काय बिघडलं?”

सिफूंनी हळूच मान हलवली. पाणी योग्य असलं की हलवत, तशीच.

“सोमवारी बाईंच्या गोळ्या बंद होतील, ते बिघडेल,” शाल्मली म्हणाली. “आज पाणी गार केलं तरी हे फोड आहेत तसेच दिसणार. डॉक्टर ते गोळ्यांच्याच नावावर लिहिणार. ते कशाचे आहेत, हे या घरात तिघांनाच माहीत आहे.”

“बाहेर कळलं तर दवाखाना उरणार नाही, पोरी,” होकाका म्हणाला.

“नाही उरला तर नाही उरला.”

तिनं पडदा पूर्ण बाजूला सारला.

“मी सिफूंचा हात पाण्यात घालू देणार नाही. बाईंचाही घालणार नाही. मी आत्ता त्यांना सांगणार आहे की हे फोड आमच्या पाण्यानं आलेत, आणि सोमवारी त्यांच्या डॉक्टरांसमोर हेच बोलायला मी स्वतः जाणार आहे. तुम्हाला काही म्हणायचं असेल तर त्यांच्या देखत म्हणा.”

घोसाळकरबाई उघडे तळवे पुढे धरून दारात उभ्या होत्या.

“बाई,” शाल्मली त्यांच्याकडे वळून म्हणाली, “हे फोड आमच्या पाण्यानं आलेत.”