नको म्हणणारं लाल झाकण

ही गोष्ट फार जुनी नाही. बाटल्यांची झाकणं समुद्रात पोचली, त्यानंतरची आहे.

एका खडकाळ बेटावर एक पक्षीण आणि तिचं एकुलतं पिल्लू राहत होतं. एकदा लाटांवर तरंगणारं लाल झाकण पाहून तिनं झडप घातली. झाकण ओरडलं, "बाई, मला उचलू नकोस! मी खायची वस्तू नाही."

"चोचीत सापडल्यावर सगळे मासे हेच म्हणतात," असं म्हणून पक्षिणीनं ते पिल्लाला भरवलं.

मग आई ताजे मासे आणायची आणि पिल्लू मान फिरवायचं. "पोट भरलंय गं," म्हणायचं. तसंच भरल्या पोटी ते वाळत गेलं आणि एका सकाळी उठलंच नाही.

पक्षीण बेट सोडून गेली. पिल्लाची पिसं वाऱ्यावर उडाली, हाडांची माती झाली. झाकण मात्र तसंच लालभडक राहिलं. त्याच्याशी बोलायला तिथे कुणी उरलं नव्हतं.

पुढे मोठ्या भरतीनं त्याला पुन्हा समुद्रात नेलं. एक दिवस त्याच्यावर पंखांची सावली पडली. इतक्या काळानं कुणीतरी जवळ आलं, म्हणून झाकणाला क्षणभर बरं वाटलं. तरी ते जीव तोडून ओरडलं, "मला उचलू नकोस!"

वरून उत्तर आलं, "सगळे हेच म्हणतात."