अस्वलाचे गोणपाट

एकदा एका लहान गावाच्या प्राणिसंग्रहालयात अस्वलांच्या जोडीतला नर वार्धक्याने मरण पावला. तेथला वृद्ध रक्षक तेव्हा परगावी गेला होता. त्याच्या हाताखाली काम शिकणारा पदवीधर शिष्य मात्र फार दक्ष. मादी बाहेरच्या आवारात असतानाच त्याने मृतदेह हलवला, निजण्याची खोली फिनेलने तीनदा धुतली, नराच्या अंथरुणाचे गोणपाट उकिरड्यावर टाकले आणि सारे चोख झाले म्हणून समाधानाने तो घरी गेला.

मादीने अन्न सोडले. केळी, भिजवलेले शेंगदाणे, मध लावलेली भाकरी, सारे तसेच पडून राही. ती दिवसभर दार ओरबाडी.

"काय हो, हे अस्वल नाचत का नाही?" बघायला आलेल्या एकाने विचारले.

"आधी तुम्ही नाचून दाखवा," शिष्य खेकसला.

पाचव्या दिवशी प्राण्यांचे डॉक्टर म्हणाले, "परवापर्यंत खाल्ले नाही, तर बेशुद्ध करून सलाईन लावावे लागेल. या वयात तिला ते झेपेल, असे मी सांगत नाही."

त्याच दुपारी म्हातारा परतला. त्याने सगळे ऐकून घेतले, उकिरड्यावर जाऊन ते गोणपाट शोधून आणले आणि धुतलेल्या खोलीत अंथरले. शिष्याने ते बाहेर फेकले. तासाभराने ते पुन्हा आत. पुन्हा बाहेर. पुन्हा आत.

"बाबा, हात जोडतो तुमच्यापुढे! मी धुवायचे आणि तुम्ही घाण करायची, हे किती वेळ चालायचे? वास मारतोय त्याला!"

"मारू दे. तोच हवाय तिला."

"आणि रोग पसरला म्हणजे?"

"तो म्हातारपणाने गेला ना? म्हातारपण पसरत नाही रे."

संध्याकाळी मादी आत आली. तिने गोणपाटात तोंड खुपसले, कितीतरी वेळ हुंगत राहिली. मग घशातून एक लांब, खोल आवाज काढून ती त्यावरच निजली. सकाळी निम्मी केळी संपली होती.

म्हातारा म्हणाला, "तू त्याला नेलेस, ते योग्यच. पण तिच्या बाजूने बघ. सकाळी तो होता. संध्याकाळी तो नाही, त्याचा वासही नाही. ती कोणाचा शोक करणार? ती त्याला शोधत होती. मेलेल्याला सोडायला वेळ लागतो, पण नाहीशा झालेल्याला सोडताच येत नाही. तो वास आपल्या गतीने विरेल. ते फिनेलचे काम नव्हे."

शिष्य अजून धुसफुसतच होता. "हे कालच सांगायला काय झाले होते?"

"इतक्या वेळा उचलून फेकलेस. का ठेवता, म्हणून एकदा तरी विचारलेस?"

त्या दिवसापासून शिष्य गोणपाटाला धक्का न लावता भोवतालची फरशी पुसू लागला.

गेलेल्या माणसाचे कपाट आवरायला उत्साहाने येणाऱ्या आप्तांनी आधी घरच्या माणसाला विचारावे, "आज आवरायचे का?" आणि तो 'नको' म्हणाला, तर चहा पिऊन परत जावे.