लॅपटॉपचा लाल दिवा

लॅपटॉप जाडजूड असायचे आणि बॅटरी त्यांच्या पोटाखाली खटकन बसायची, तेव्हाची गोष्ट. विभाताईंचा म्हातारा लॅपटॉप एक दिवस म्हणू लागला, "माझ्यात बॅटरीच नाही!"

"अरे, इतकी वर्षं तुझ्या पोटाशी आहे की मी!" बॅटरी कळवळली.

"कोण तू? मी नाही ओळखत."

विभाताईंनी तिला भंगारात टाकलं आणि नवी आणली. लॅपटॉपने तिलाही ओळखलं नाही. तेव्हा ताईंनी त्यालाच उलटा करून पाहिला. बॅटरीच्या खाचेत त्याच्याच धातूच्या पट्ट्यांवर गंज चढला होता. त्यांनी तो खोडरबराने घासून काढला आणि भंगारातली जुनी बॅटरी पुन्हा बसवली.

"आता ओळखलंस?" तिने हळूच विचारलं.

लॅपटॉपच्या कडेचा बारीक दिवा लालेलाल झाला.

"चला, चार्जिंग सुरू झालं!" विभाताई म्हणाल्या.