भेगेचे दोन काठ

एका वृद्ध कारागिराकडे एकदा एक जुनी घरगाडी दुरुस्तीला आली. अत्तराचा एक व्यापारी बायकोसह त्या गाडीतच राही आणि जत्रेमागून जत्रा करी. गाडीच्या भिंती फायबरच्या होत्या. इंजिनाचे काम झाले आणि गाडी मागे घेताना कारागिराच्या दोन शिष्यांपैकी थोरल्याने ती अंगणातल्या चिंचेवर आदळली. मागच्या भिंतीला लांबलचक भेग गेली.

धाकटा शिष्य मागे उभा राहून "थांब, थांब!" असे घसा फाटेस्तोवर ओरडला होता. तरी थोरला व्यापाऱ्याला बेधडक म्हणाला, "यानंच 'येऊ दे' सांगितलं." व्यापाऱ्याने सर्वांदेखत धाकट्याला आंधळा म्हटले. चोर तो चोर, वर शिरजोर! धाकट्याच्या तळपायाची आग मस्तकात गेली, पण तो एक शब्द बोलला नाही. त्याने थोरल्याशी अबोला धरला. पुढे हा कारखाना दोघांनी मिळून चालवायचा होता. धाकट्याने मात्र मनातल्या मनात आपले बोचके बांधले होते.

गुरूंनी भेगेचे काम नेमके त्यालाच दिले. "मोडायचं एकानं, निस्तरायचं दुसऱ्यानं," असे पुटपुटत त्याने भेगेत पुट्टी कोंबली आणि वर रंग मारला. भिंत नव्यासारखी दिसू लागली. गुरूंनी गाडी खडबडीत रस्त्यावरून एक फेरी फिरवून आणली, तर भेग पुन्हा उघडी.

मग गुरूंनी ग्राइंडर उचलला आणि सरळ भेगेवर चालवला. पांढरी धूळ उडाली. बारीकशी फट तळहाताएवढी रुंद झाली. आता धाकट्याचा तोल सुटला.

"गुरुजी, हे काय चालवलंय? भेग होती, तुम्ही भगदाड केलंत! त्याला एका शब्दानं विचारलं नाहीत, आणि माझ्या कामावर ग्राइंडर फिरवता?"

"हं, आता बोललास," गुरू म्हणाले. "इतके दिवस तूही पुट्टीच भरत होतास. पुट्टी भेग झाकते, सांधत नाही. नव्या थराला धरायला जागा हवी, म्हणून पक्कं फायबर लागेपर्यंत काठ उतरते घासायचे. दोन्ही काठ! एकच घासला तर दुसऱ्या बाजूनं सांधा उकलतो. तुझा राग खरा आहे. तो बाहेर यायलाच हवा, आणि थोरल्याचं खोटंही. आता वाळून घट्ट होणाऱ्या रेझिनमध्ये भिजवलेलं कापड बाहेरून बसवायचं, तर आतून कुणीतरी फळी दाबून धरायला लागेल. बोलाव त्याला."

"तुम्हीच बोलवा."

"काठ माझा नाही."

धाकटा तणतणत अंगणात गेला. "खोटारड्या! मी 'थांब' म्हणालो होतो! चारचौघांत माझी अब्रू घालवलीस तू. आता आत जा आणि फळी धर!"

थोरला मान खाली घालून गाडीत शिरला. धाकट्याने बाहेरून ओल्या कापडाचे थर बसवले आणि वर दुसरी फळी दाबून धरली. भिंतीपलीकडून थोरल्याचा आवाज आला.

"ऐकू आलं होतं मला. गडबडीत ब्रेक लागला नाही. घाबरलो आणि तुझं नाव घेतलं. व्यापाऱ्याला मीच सांगतो, आत्ता जाऊन."

"आत्ता हात काढलास तर थर सरकेल," धाकटा गुरगुरला. "वाळल्यावर जा. पण जा!"

त्याचा राग उतरला नव्हता. पण पलीकडचा दाब त्याला तळहाताशी जाणवत होता, आणि सांधा हलू नये म्हणून त्यानेही अलीकडून तेवढाच जोर लावला.